तिकीट नग २



चातुर्मासात पावसाने चार दिवस उघडीप दिली की जुन्या वह्यांना ऊन दाखवावे, हा आमच्या रिठदच्या घराचा रिवाज आहे. दुकान आता पुढच्या पिढीच्या हाती आहे आणि हिशेब संगणकात गेला आहे. तरीही माळ्यावरच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या कोणी टाकून दिलेल्या नाहीत. यंदा त्यांची पेटी खाली काढली तेव्हा तळाशी नाटकातील गाण्यांच्या पाच-सहा पुस्तिका निघाल्या. कागद पिवळा पडलेला, कडा वाळवीने कुरतडलेल्या, अक्षरे गुजराती. नातवाने विचारले, "आजोबा, हे काय?" मी उत्तर देण्याऐवजी त्याच पेटीतला १९५८ सालचा रोजमेळ उघडला.

मुंबईच्या खेपेचा खर्च बापूजींच्या ठसठशीत अक्षरात ओळीने मांडलेला होता. रेल्वेभाडे, हमाली, ट्राम, धर्मशाळा, भोजन. ही सारी रक्कम दुकानाच्या खर्ची पडली होती. त्याखाली मात्र एक ओळ दुकानाच्या खर्चात नव्हती. ती बापूजींनी स्वतःच्या नावे उचल म्हणून लिहिली होती : 'भांगवाडी, तिकीट नग २'.

त्या दोहोंपैकी एक तिकीट माझे होते. त्या वेळी मी अकरा वर्षांचा होतो.

तरुण वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. भांगवाडी म्हणजे मुंबईच्या काळबादेवी रस्त्यावरची एक वाडी. तिच्या प्रवेशद्वारावर दगडात कोरलेला हत्ती आहे. त्या कमानीतून आत गेले की एक जुने नाट्यगृह लागे. त्याचे कागदोपत्री नाव प्रिन्सेस थिएटर. पण गिरगाव-भुलेश्वरापासून थेट आमच्या वऱ्हाडातल्या व्यापाऱ्यांपर्यंत सारे त्याला भांगवाडीच म्हणत. 'देशी नाटक समाज' ही गुजराती रंगभूमीवरची नामांकित मंडळी तेथे वर्षानुवर्षे आपली नाटके करीत असे.

या मंडळीचे आपल्या समाजाशी असलेले नाते फार थोड्यांना ठाऊक आहे. तिची सुरुवात १८८९ साली अहमदाबादेत झाली. पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले ते १८८० साली. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांची ही गोष्ट. मंडळी नावारूपाला आणली ती डाह्याभाई धोळशाजी झवेरी यांनी. ते झवेऱ्यांच्या घरातले, जैन कुळातले. हिरे-मोती पारखण्याचा पिढीजात व्यवसाय असलेल्या घरातला तरुण नाटके लिहितो, गाणी रचतो आणि नाटक मंडळी चालवतो, हे त्या काळच्या महाजनांना कितपत रुचले असेल याची कल्पना आपण करू शकतो. १९०२ साली, वयाच्या पस्तिशीच्या आसपास, ते निवर्तले. मंडळी मात्र टिकली. पुढे ती हरगोविंददास जेठाभाई शाह यांच्याकडे आली आणि १९३८ साली त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी उत्तमलक्ष्मीबेन यांनी ती सांभाळली. शेकड्याने माणसे, पडदे, कपडेपट, नटांचे रुसवे आणि तिकीटबारीवरचा गल्ला हे सर्व एका विधवा स्त्रीने त्या काळात चालवले. ही गोष्ट पुढे आपल्याला लागणार आहे, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

आता आमच्या खेपेकडे येतो.

त्या काळी वाशीम हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, तो अकोल्यात मोडत असे. आमचे दुकान कापडाचे. दिवाळीनंतर शेतकऱ्याचा कापूस बाजारात जाई, हाती चार पैसे येत आणि लग्नसराईचे कापड खपू लागे. म्हणून ज्ञानपंचमीला वह्यांचे पूजन आटोपले की बापूजी मुंबईची खेप करीत. शाळेला सुट्टी असे, तेव्हा मलाही बरोबर नेत. रिठदहून वाशीमला जायचे, तेथून अकोला, अकोल्याला मोठी गाडी धरून बोरीबंदर आणि बोरीबंदरहून ट्रामने पायधुनी. धर्मशाळेत सामान टाकले की आधी गोडीजी पार्श्वनाथांचे दर्शन घ्यायचे. १८१२ साली प्रतिष्ठा झालेल्या त्या मंदिराच्या पायऱ्या चढल्याशिवाय बापूजी मूळजी जेठा मार्केटच्या दिशेने पाऊल टाकत नसत.

दिवसभर मार्केटमध्ये पेढ्यांवर बैठका चालत. पांढऱ्या गाद्या, तक्के, कापडाचे ठाण उलगडल्याचा सळसळ आवाज, दलालांची लगबग. मी एका कोपऱ्यात बसून नवीन कापडाचा खळीचा वास घेत असे. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकायचे, कारण बापूजींचा चौविहार कधी चुकला नाही. आणि मग, अंधार पडू लागला की, ते उपरणे नीट करीत आणि मजकडे न पाहता म्हणत, "चल, थोडे पाय मोकळे करू."

पाय मोकळे होत ते नेमके त्या दगडी हत्तीखाली.

पहिल्या रात्री मी काय पाहिले ते आज सांगताना शब्द अपुरे पडतात, कारण मुलाच्या डोळ्यांना सारेच मोठे दिसते. रिठदला आम्ही पाहिलेली करमणूक म्हणजे जत्रेतला तमाशाचा फड, गोंधळ आणि तंबूतला सिनेमा. येथे मात्र रंगवलेला पडदा वर गेला आणि मागे राजवाडा उभा होता. तो पडदा खाली आला, पुढे दोन विनोदी पात्रे येऊन भांडू लागली, लोक पोट धरधरून हसले. पुन्हा पडदा वर गेला तेव्हा राजवाड्याच्या जागी बाग होती! पुढे मोठेपणी त्यातली युक्ती कळली. मुख्य कथेचे गंभीर प्रवेश रंगमंचाच्या पूर्ण खोलीत होत आणि विनोदी उपकथेचे प्रवेश पुढच्या पडद्यासमोरच्या अरुंद पट्टीत होत. पुढे हसू चालू असताना मागे माणसे मुकाट्याने बाग उभारीत. प्रेक्षकाला एका तिकिटात सर्व मिळे : गाणे, रडणे, हसणे, नाच आणि नीतीचा बोध. गाणे रंगले की 'वन्स मोअर'ची आरोळी उठे आणि नायिका मरणाच्या दारातून परत येऊन तेच पद पुन्हा गाई. याचे कोणालाही नवल वाटत नसे. दारावर गाण्यांच्या पुस्तिका विकत मिळत. लोक त्या मांडीवर उघडून नटाबरोबर ओठ हलवीत. मध्यंतरात सोडा-लेमनवाल्यांच्या आरोळ्या उठत. माझ्या घशाला कोरड पडलेली असे, पण शेजारी चौविहारधारी पिता बसलेला असताना सोडा मागण्याची माझी प्राज्ञा नव्हती.

बापूजी नाटकाला जात हे रिठदला आमच्या घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हते. समाजातले वडीलधारे नाटकाला प्रमाद मानीत. बापूजींनी याचे उत्तर तयार ठेवले होते. ते म्हणत, "सप्त व्यसनांची यादी काढून पाहा. द्यूत आहे, मद्य आहे, मांस आहे, शिकार आहे, चोरी आहे. नाटक कोठे आहे?" एकदा एका मुनिमहाराजांच्या व्याख्यानात राजप्रश्नीय सूत्राचा उल्लेख आला. सूर्याभदेवाने भगवान महावीरांपुढे बत्तीस प्रकारची नाट्ये सादर केली, असे वर्णन त्या आगमात आहे. ते ऐकून बापूजींनी गर्दीतून माझ्याकडे पाहिले आणि भुवया किंचित उंचावल्या. त्यांचा तो आनंद मला अजून आठवतो. काका व्यवहारी होते. त्यांच्यासाठी बापूजींकडे दुसरे कारण होते. नाटकातली नायिका जे लुगडे नेसते त्याची पुढच्या लग्नसराईत मागणी येते, तेव्हा नाटक पाहणे हीसुद्धा बाजाराची पाहणीच आहे, असे ते सांगत. यात तथ्यही होते. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांच्या आणि गुजराती रंगभूमीवर जयशंकर 'सुंदरी' यांच्या वेशभूषेचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत, हे सर्वश्रुत आहे. पण बाजाराची पाहणी म्हणायची आणि तिकीट मात्र स्वतःच्या नावे उचल लिहायची, यावरून त्यांचे त्यांनाही खरे काय ते ठाऊक होते, हे उघड आहे. काकांच्या भागीचा पैसा त्यांनी आपल्या हौशीवर खर्च केला नाही. त्या बाबतीत रोजमेळ स्वच्छ आहे.

अस्वच्छ आहे ते निराळेच आहे. त्याची नोंद रोजमेळात नाही.

खेपेहून परतलो की दुसऱ्या दिवशी दुपारी बा मला स्वयंपाकघरात बोलावी. तुरीची डाळ निवडायला घेई आणि म्हणे, "आता सांग." तिच्यापासून काही लपलेले नव्हते. मी सुरुवात करी. घरात गुजराती आणि शाळेत मराठी, त्यामुळे माझे कथन दोन्ही भाषांच्या खिचडीत आणि मधूनमधून वऱ्हाडीच्या फोडणीत होई. ती मधेच थांबवी. "सुनेने उलट उत्तर दिले? भर दरबारात? मग सासू काय म्हणाली?" मी सासूचा आवाज काढी. "आणि तिने नेसले काय होते?" मी रंग सांगे. "पदर कसा घेतला होता?" हे मला सांगता येत नसे, आणि ती हिरमुसे.

एका दुपारी मी सहज बोलून गेलो की त्या मंडळीची मालक एक बाई आहे, यजमान गेल्यावर तीच सर्व सांभाळते. बाचा डाळीवरचा हात थांबला. थोड्या वेळाने तिने विचारले, "म्हणजे ती रोज नाटक पाहत असेल?"

पुढच्या वर्षी भांगवाडीत बसलो असताना मी बापूजींना म्हणालो, "बापूजी, बाला आणू या ना." आमच्या पुढच्या दोन रांगांत बायका होत्या, लहान मुलांना मांडीवर घेऊन आलेल्या. गुजराती कुटुंबेच्या कुटुंबे त्या नाटकांना येत, म्हणजे स्त्रियांनी येऊ नये असे ते ठिकाण मुळीच नव्हते. बापूजी म्हणाले, "आणू. पुढच्या खेपेला."

त्या वर्षी त्यांनी बासाठी एक लुगडे नेले, अगदी नायिकेने नेसले होते तसे. बाने घडी उलगडली, काठावरून हात फिरवला आणि मला विचारले, "हे नेसून ती काय म्हणाली होती?"

पुढच्या खेपेला बा आली नाही. घरात आजी अंथरुणाला खिळली होती. त्यापुढच्या खेपेला बहिणीचे लग्न ठरत होते. मग काकू बाळंत झाली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, १९६४ साली मुंबईतली ट्राम बंद झाली, आणि बाची पुढची खेप पुढेच सरकत राहिली. प्रत्येक वर्षीचे कारण खरे होते. एकही कारण खोटे नव्हते, आणि म्हणूनच कोणी कधी त्याचा जमाखर्च मांडला नाही.

आता माझ्याविषयी. १९६७ पासून बापूजींना दम्यामुळे प्रवास सोसेना, तेव्हा खरेदीची खेप माझ्याकडे आली. मी एकटा जाऊ लागलो. रोजमेळाच्या त्या वर्षापासूनच्या वह्यांत माझे अक्षर आहे : 'भांगवाडी, तिकीट नग १'. बापूजींचा नियम मी पाळला, रक्कम स्वतःच्या नावे लिहिली. १९७० साली माझे लग्न झाले. त्यानंतरच्या वह्या मी यंदा मुद्दाम चाळल्या. त्यांतही नग १ आहे. आजी केव्हाच निवर्तली होती, बहीण सासरी होती, घरात दोन जावा एकमेकींना सांभाळून घेणाऱ्या होत्या. बापूजींजवळ निदान काळाचे निमित्त होते. माझ्याजवळ तेही नव्हते. बा विचारी, मी म्हणे, "पुढच्या खेपेला." हे शब्द मी वारसाहक्काने उचलले होते, दुकानाच्या गल्ल्यासारखे.

देशी नाटक समाजाचे १९३८ सालचे एक फार गाजलेले नाटक आहे, प्रभुलाल द्विवेदी यांचे 'वडीलोना वांके'. त्याचा अर्थ, वडीलधाऱ्यांच्या दोषामुळे. ती पुस्तिका पेटीत निघाली तेव्हा मी ती बराच वेळ हातात धरून बसलो. वडिलांचा दोष दाखवणे सोपे असते. तोच दोष आपण अधिक सोयीस्करपणे पुढे चालवला, हे मात्र वह्यांना ऊन दाखवल्याशिवाय दिसत नाही.

बापूजी १९७६ साली गेले. पुढे मोठ्या गिरण्यांचे कापड अकोल्यालाच मिळू लागले आणि मुंबईच्या खेपा थांबल्या. भांगवाडीचा प्रेक्षकही पांगला होता. कोणी उपनगरांत राहायला गेले, कोणी सिनेमाकडे वळले, आणि नव्या धाटणीची गुजराती नाटके दुसऱ्या नाट्यगृहांत होऊ लागली. भांगवाडीचे नाट्यगृह बंद पडले आणि त्या जागी दुकानांचे संकुल उभे राहिले.

१९९२ साली बाच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया करण्यासाठी आम्ही तिला मुंबईला नेले. ती त्या वेळी सत्तरीची होती. मुंबई पाहण्याची तिची ती पहिलीच वेळ. कापडाच्या ज्या शहराच्या जिवावर आमचे घर चालले, ते त्या घरातल्या गृहिणीने सत्तराव्या वर्षी पाहिले. पट्टी निघाल्यावर गोडीजींचे दर्शन घेतले आणि तिने विचारले, "तुझा हत्ती येथून लांब आहे का?"

लांब नव्हताच. मी, माझी पत्नी आणि बा, तिघे काळबादेवी रस्त्याने चालत गेलो. हातगाड्या, हमाल, गाठी यांतून वाट काढीत कमानीपाशी पोहोचलो. बाने मान वर केली. नवा चष्मा दोन्ही हातांनी धरून ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "तू सांगितला होतास त्यापेक्षा लहान आहे."

आत जाऊन पाहिले. जेथे पडदा वर जाई, तेथे दुकाने होती. बा एका दुकानाच्या पायरीवर टेकली. मला वाटले, आता ती काहीतरी बोलेल आणि मला ते ऐकावे लागेल. तिने विचारले, "त्या सुनेचे शेवटी काय झाले रे? ती, दरबारात उलट बोलणारी. तू सांगितले होतेस की सासूने तिला पोटाशी धरले. ते मला कधी पटले नाही."

तेव्हा मी कबुली दिली. त्या वयात मध्यरात्रीपर्यंत जागणे मला जमत नसे. शेवटच्या अंकात मी बापूजींच्या खांद्यावर डोके ठेवून झोपी जाई. शेवट मी पाहिलेच नव्हते. रिठदच्या गाडीत बसल्यावर मी ते मनाने रचीत असे.

बा हसली. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली, आणि डॉक्टरांनी डोळे चोळू नका म्हणून बजावले होते, म्हणून माझ्या पत्नीने पदराच्या टोकाने तिचे गाल टिपले. "म्हणूनच," बा म्हणाली, "म्हणूनच तुझी सारी नाटके गोड शेवटाची होती. मला वाटे, मुंबईत लोक असेच राहतात की काय."

त्या भाद्रपदात संवत्सरी प्रतिक्रमणानंतर मी नेहमीप्रमाणे बाच्या पाया पडलो. 'मिच्छामि दुक्कडम्' हे शब्द मी तिला दर वर्षी म्हणत आलो होतो, घाईघाईने, रांगेतल्या पुढच्या माणसाकडे वळता वळता. त्या वर्षी प्रथमच थांबलो आणि कशाबद्दल ते नाव घेऊन म्हटले. बा म्हणाली, "मला क्षमा मागून झाली. आता तिला माग," आणि दारात उभ्या असलेल्या माझ्या पत्नीकडे बोट दाखवले. मी मागितली. पत्नीने विचारले, "क्षमा ठीक आहे. नाटक कोणते?"

त्यानंतर आम्ही दोघांनी अकोल्याला, नागपूरला, पुण्याला पुष्कळ नाटके पाहिली. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात बाही एकदा आमच्याबरोबर होती. नाटक मराठी होते. ती सारे समजून, शेवटच्या पडद्यापर्यंत टक्क जागी राहिली. मी मात्र तिसऱ्या घंटेपासून तिच्याकडेच पाहत होतो.

वाचकहो, आपल्या घरांत हिशेब चोख ठेवण्याची परंपरा आहे. पैपैची नोंद असते आणि ती असावीच. पण प्रत्येक घरात एक खाते असे असते की जे कोणीच मांडत नाही : आपण जेथे जेथे गेलो तेथे घरी कोण राहिले, कोणी दुकान उघडले, कोणी आजाऱ्याजवळ रात्र काढली, कोणी परतल्यावर डाळ निवडत नुसते ऐकले. आज तुमच्या खेपा सुरतेला, अहमदाबादला, दुबईलाही होतात. संध्याकाळी तेथे पाय मोकळे होतच असतील. पर्युषण तोंडावर आले आहे. 'मिच्छामि दुक्कडम्'चा संदेश भ्रमणध्वनीवरून शंभर जणांना एकदम पाठवण्यापूर्वी आपल्या घरातले ते एक खाते उघडून पाहावे आणि बाकी कोणाची निघते ते त्या माणसासमोर बसून विचारावे.

आणि पुढच्या खेपेसाठी थांबू नये. नातवाने त्या दुपारी रोजमेळ बंद करता करता मला विचारले, "आजोबा, नग ३ कधी लिहिले नाही?" मी नाही म्हणालो. पेटीला कुलूप लावून किल्ली त्याच्या हाती दिली.